कलम ८० च्या नोटिशीला उत्तर द्या: मुख्य सचिव, सर्व सचिव आणि जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन,
सर्व विभागांचे सचिव आणि सर्व जिल्हाधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आपल्यालाच का, याचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्रातल्या कुणालाही राज्य सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावायचा असला, तर त्याने आधी सरकारच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी नोटीस द्यावी, ती पोहोचल्यावर दोन महिने थांबावे आणि मगच दावा दाखल करावा, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८० सांगते. म्हणजे कायद्याने ज्यांच्या पदाच्या नावाने पाकीट करायला सांगितले आहे, ते आपण. तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना अशी पाकिटे मी वर्षानुवर्षे पाठवत आले आहे. पोचपावती येते, तिच्यावर कार्यालयाचा गोल शिक्का असतो, कधी आवक क्रमांकही असतो. उत्तर येत नाही.

माझी मागणी एवढीच आहे, की या नोटिशींना उत्तर द्या. मागणी मान्य असेल तर तसे लिहा, अमान्य असेल तर का ते लिहा, चौकशीला वेळ लागणार असेल तर किती ते लिहा. पण दोन महिन्यांच्या आत, कारणासह आणि सहीनिशी लिहा. सरकारविरुद्ध दाद मागायला निघालेल्या माणसाला कायदा या दोन महिन्यांसाठी अडवून धरतो तो आपल्याला विचार करायला सवड मिळावी म्हणून. ती सवड आपण वापरत नाही आणि थांबायचे मात्र त्याला लागते. त्याच्या हक्कातले हे दोन महिने वाया घालवायचा अधिकार सरकारला कुणी दिलेला नाही.

न्यायालयात जाण्याच्या हक्काचा विषय निघाला की आपल्याकडे मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ देणारा संविधानाचा अनुच्छेद ३२ आठवतो, आणि ते योग्यच आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत त्याला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. पण मूलभूत हक्कासाठी थेट दिल्ली गाठणारा माणूस लाखात एखादा. बाकीच्यांचे सरकारशी असलेले भांडण फार साध्या गोष्टीवरून सुरू होते. कालव्याची चारी ठरल्यापेक्षा पुढे खोदली गेली, रस्ता रुंद करताना बांध गेला, ठेकेदाराचे बिल थकले, सरकारी गाडीने भिंत पाडली. अशा वेळी माणूस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टात येतो. मूळचे पुण्याचे आणि पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी १९७४ मध्ये एका निकालात हा हक्क फार नेमका सांगितला आहे. अपील करायचे तर कायद्याने तसा हक्क दिलेला असावा लागतो. दिवाणी दावा लावण्याचा हक्क मात्र माणसाला मुळातच आहे, एखाद्या कायद्याने तो स्पष्टपणे रोखला नसेल तोवर. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्याला अनुच्छेद १४ (समानता) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्य) यांचा पाया दिला. न्याय मिळवण्याची यंत्रणा असली पाहिजे, ती अंतराने जवळ असली पाहिजे, निकाल लवकर लागला पाहिजे आणि खर्च परवडला पाहिजे, या चार गोष्टी त्या निकालात आहेत. अंतराच्या बाबतीत महाराष्ट्रात काही घडले, हे मी आनंदाने नोंदवते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सिंधुदुर्गापासून सोलापुरापर्यंतच्या सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी वाचली. वेळ आणि खर्च या दोन बाबतींत मात्र सरकार स्वतःच पक्षकार असताना जे करते, ते या निकालाच्या उलट आहे.

सरकारवर दावा लावता येणे ही आपल्या देशात जुनी गोष्ट आहे. १८६१ सालचा एक निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेला असतो. कलकत्त्याजवळ खिदिरपूरच्या सरकारी गोदीतले कामगार लोखंडाचा अवजड तुकडा रस्त्याने नेत होते. तो खाली आदळला, त्या आवाजाने पी अँड ओ या जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा बिथरला आणि जखमी झाला. कंपनीने ३५० रुपयांच्या नुकसानभरपाईसाठी सरकारवर दावा लावला आणि तो निकाल सरकारच्या विरोधात गेला. खुद्द इंग्लंडमध्ये राजसत्तेवर असा दावा लावण्याची वाट १९४७ च्या कायद्याने मोकळी झाली. आपल्याकडे १८५८ च्या कायद्यापासून चालत आलेली ती तरतूद आज संविधानाच्या अनुच्छेद ३०० मध्ये आहे. महाराष्ट्र राज्यावर ‘महाराष्ट्र राज्य’ या नावाने दावा लावता येतो, तो या अनुच्छेदामुळे. परक्या राजवटीतही जो हक्क होता, तो प्रजासत्ताकात आणखी सोपा व्हायला हवा होता.

कलम ८० ठेवावे की काढावे यावर या देशात पुष्कळ विचार झाला आहे. विधी आयोगाने ते काढून टाकण्याची शिफारस एकदा नव्हे, अनेकदा केली, कारण नोटिशीचा उपयोग तडजोडीसाठी होण्याऐवजी नोटीस सदोष आहे एवढ्या कारणावरून दावे फेटाळून घेण्यासाठी होत होता. संसदेने १९७६ च्या दुरुस्तीत कलम ठेवले, पण त्याची धार कमी केली. तातडीची गरज असेल तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा लावता येईल आणि नोटिशीतल्या केवळ तांत्रिक चुकीवरून दावा फेटाळला जाणार नाही, अशी भर घातली. कलम ठेवताना संसदेचा सरकारवर भरवसा होता, की नोटीस वाचली जाईल. त्यानंतर थोड्याच काळात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी पंजाब सरकारच्या एका प्रकरणात लिहिले, की ही नोटीस सरकारला न्याय्य तडजोडीसाठी जागे करण्याकरता आहे, निदान मागणी का मान्य नाही एवढे सांगण्याचे सौजन्य तरी सरकारने दाखवावे. पण प्रशासन प्रतिसादच देत नसल्यामुळे कलम ८० हा नुसता उपचार होऊन बसला आहे.

आणि मग २ ऑगस्ट २००५ चा निकाल. सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की बहुसंख्य नोटिशींना उत्तरच दिले जात नाही आणि दिले तरी ते मोघम व टोलवाटोलवीचे असते. म्हणून न्यायालयाने देशातल्या सर्व सरकारांना आदेश दिला, की तीन महिन्यांच्या आत एक अधिकारी नेमा, नोटिशींना मुदतीत आणि विचारपूर्वक उत्तर जाईल ही त्याची जबाबदारी राहील. उत्तर न दिल्याचे किंवा टाळाटाळीचे उत्तर दिल्याचे कोर्टाला आढळले, तर सरकारवर सामान्यतः जबर खर्च बसवावा आणि तो संबंधित अधिकाऱ्याकडून वसूल करण्यासह कारवाई करायला सांगावे, असेही त्यात आहे.

या आदेशाला २० वर्षे होऊन गेली. त्याच वर्षी आलेल्या माहिती अधिकाराचे फलक प्रत्येक कार्यालयात लागले. जन माहिती अधिकारी कोण, अपिलीय अधिकारी कोण, हे गावातला शाळकरी मुलगाही वाचू शकतो. कलम ८० साठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव मी ज्या कार्यालयांत पक्षकारांसोबत जाते, तिथल्या एकाही भिंतीवर मला दिसलेले नाही. आवक लिपिकाला विचारले तर नोटीस ‘संबंधित संकलनाकडे’, म्हणजे तो विषय पाहणाऱ्या शाखेकडे, गेल्याचे सांगतो. संकलन म्हणते, ती अधीनस्थ कार्यालयाकडे ‘उचित कार्यवाहीसाठी’ पाठवली. अधीनस्थ कार्यालय म्हणते, अशी नोटीस आमच्याकडे आलेली नाही.

माझ्या एका पक्षकार बाईंचे प्रकरण सांगते. गाव आणि कार्यालय यांची नावे घेत नाही, कारण ते कुठेही घडू शकते. त्यांच्या शेताच्या कडेने जाणारा रस्ता रुंद झाला आणि संपादन न करताच त्यांच्या जमिनीची एक पट्टी त्यात गेली. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहिले, जागेवर कमी झाले. त्यांनी अर्ज दिले, मोजणी करून घेतली, नकाशा जोडला. मग मी नोटीस पाठवली. मोबदला द्या किंवा जमीन परत द्या, एवढीच मागणी. दोन महिने उत्तर नाही. दावा दाखल झाला, समन्स बजावले गेले, सरकारी वकील हजर झाले आणि कैफियतीसाठी, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरासाठी, मुदत मागू लागले, कारण खात्याकडून परिच्छेदनिहाय अभिप्राय आलेले नव्हते. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला बाई सकाळच्या एसटीने यायच्या आणि रोजगार बुडवून संध्याकाळी परत जायच्या. शेवटी कैफियत आली. तिच्यात खात्याने लिहिले होते, की संयुक्त मोजणीत क्षेत्र बाधित आढळले असून मोबदल्याचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे सादर केला आहे. प्रस्तावाची तारीख आमच्या नोटिशीच्या आधीची होती.

म्हणजे ज्या दिवशी नोटीस पोहोचली, त्या दिवशी सरकारच्या फाइलमध्ये बाईंचे म्हणणे खरे असल्याची नोंद होती. ‘प्रस्ताव पाठवला आहे, अमुक कार्यालयाकडे आहे’ एवढी एक ओळ टंकून पाठवली असती, तर बहुधा दावा लागलाच नसता. बाईंना महिला म्हणून विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. पण वकील फुकट मिळाला तरी तारखेला येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेला रोजगार कुणी भरून देत नाही.

आपल्यातल्या अनेकांना हे वाचून अस्वस्थ वाटेल, आणि त्यांची अडचण मला ठाऊक आहे. अधिकाऱ्याने नोटिशीला उत्तर देताना मागणी मान्य केली, तर उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. ‘कोणाच्या मंजुरीने मान्य केले’ असे विचारले जाते, संगनमताचा संशय घेतला जातो, विभागीय चौकशी लागू शकते. गप्प राहून कोर्टाचा हुकूमनामा येऊ दिला, की तो निर्दोष. पैसे कोर्टाने द्यायला लावले, त्याने दिले नाहीत. व्याज चढले, वर्षे गेली, तरी त्याला कुणी काही विचारत नाही. शहाणा माणूस या व्यवस्थेत गप्प राहणेच निवडणार. म्हणून मी हे पत्र तलाठी, मंडळ अधिकारी किंवा उपअभियंत्याला लिहीत नाही. प्रामाणिकपणे दिलेल्या उत्तराला संरक्षण देणे आणि गप्प बसण्याचा जाब विचारणे हे सचिवांच्याच हातात आहे.

या वृत्तीचा पुढचा टप्पा अपिलात दिसतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेश सरकारचे ६६३ दिवस उशिरा दाखल झालेले प्रकरण आले. न्यायालयाने त्याला ‘सर्टिफिकेट केस’ म्हटले. म्हणजे प्रकरण फेटाळले जाणार हे माहीत असूनही, वरच्या न्यायालयानेच फेटाळले असा दाखला फाइलला लावता यावा म्हणून केलेले. न्यायालयाने २५ हजार रुपये खर्च बसवला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. अशा दाखल्यासाठी नागरिकाची दोन-दोन वर्षे खर्ची पडतात. मुदतीच्या कायद्याकडेही एकदा पाहा. सामान्य माणसाला बहुतेक दाव्यांसाठी तीन वर्षे मिळतात. सरकारला नागरिकावर दावा लावायला ३० वर्षे. दाव्याचा निकाल विरोधात गेला, तरी हुकूमनाम्याची रक्कम तीन महिने थकल्याशिवाय सरकारविरुद्ध दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, चालत नाही. एवढ्या सवलती घेणाऱ्या पक्षकाराने एका पत्राला उत्तर द्यावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

जमिनीच्या मोबदल्याच्या प्रकरणांत तर गप्प बसण्याची किंमत थेट तिजोरी मोजते. कोर्टाने वाढवून दिलेल्या मोबदल्यावर, ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के दराने व्याज चढते. रक्कम भरली जात नाही, शेतकरी दरखास्त लावतो, जप्तीचे वॉरंट निघते आणि बेलिफ सरकारी कार्यालयातल्या खुर्च्या, संगणक, कधी साहेबांची गाडी जप्त करायला येतो. वर्तमानपत्रात त्याचे फोटो छापून येतात. त्या फोटोतल्या शेतकऱ्याला खुर्ची नको असते. त्याची जमीन धरणात किंवा रस्त्यात गेलेली असते आणि निवाड्यानंतरचे आयुष्य कोर्टाच्या आवारात गेलेले असते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या पाषाण भागातल्या, काही दशकांपूर्वी सरकारने ताब्यात घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला अत्यंत कडक शब्दांत सुनावले, ते आपल्याला आठवत असेल. त्या जमिनीचे मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचू शकले. हिमाचल प्रदेशातल्या एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये संपादन न करता रस्त्यात गेली होती आणि तिला दाद मिळाली जानेवारी २०२० मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात. इतकी वर्षे जमीन आमच्या ताब्यात आहे म्हणून ती आमचीच झाली, असा युक्तिवाद तिथल्या सरकारने केला होता. कल्याणकारी राज्याला असा युक्तिवाद शोभत नाही, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण एवढा लांबचा पल्ला गाठू शकत नाहीत. ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दमतात. काही जण नोटिशीनंतरच दमतात, कारण उत्तर आले नाही म्हणजे आपले म्हणणे खोटे ठरले, असे त्यांना वाटते. दावा लावूच नये असे त्यांच्या घरचे सांगू लागतात. न लागलेल्या अशा दाव्यांची नोंद कोणत्याही कोर्टाच्या तक्त्यात नसते.

३० एप्रिल २०२२ रोजी मुख्यमंत्री आणि मुख्य न्यायमूर्तींच्या परिषदेत तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी सांगितले होते, की प्रलंबित खटल्यांपैकी जवळजवळ निम्मे सरकारमुळे आहेत. महाराष्ट्राच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत आज ५० लाखांहून अधिक प्रकरणे पडून आहेत. न्यायाधीश वाढवा, इमारती बांधा, हे सगळे व्हायलाच हवे, पण त्याला पैसा आणि वेळ लागतो. नोटिशीला उत्तर द्यायला जे लागते, ते आपल्या कार्यालयात आधीच आहे.

काय करता येईल तेही सांगते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आपल्याकडे आहे. दाखला मुदतीत दिला नाही, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘कलम ८० च्या नोटिशीस कारणासह उत्तर’ ही सेवा त्या यादीत अधिसूचित करा. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत आहे. गेलेल्या जमिनीबद्दलच्या उत्तराला ती असायला काहीच हरकत नाही. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात या नोटिशींची वेगळी नोंदवही ठेवा. कधी आली, कोणत्या खात्याकडे गेली, उत्तर कधी गेले, दावा लागला का, निकाल काय लागला, हे रकाने तिच्यात असू द्या आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली दर तिमाहीला ती आपणहून प्रसिद्ध करा. ज्या नोटिशीतली मागणी खात्याच्याच कागदांवरून खरी दिसते, ती जिल्हा सरकारी वकिलांच्या लेखी अभिप्रायासह मान्य करण्याचा अधिकार ठरावीक रकमेपर्यंत जिल्हा पातळीवर द्या. त्या अभिप्रायाच्या आधारे घेतलेला निर्णय लेखापरीक्षणात ग्राह्य धरण्यासाठी वित्त विभाग आणि विधी व न्याय विभागाने मिळून परिपत्रक काढावे. भीती तिथे आहे, म्हणून इलाजही तिथेच करावा लागेल. उत्तर मराठीत द्या आणि ते नोटीस देणाऱ्याला स्वतः वाचून कळेल असे द्या. ‘प्रकरण तपासण्यात येत आहे’ हे उत्तर नव्हे. सेलम निकालाने ज्याला मोघम म्हटले, ते हेच.

आम्हा वकिलांकडूनही काही व्हायला हवे, आणि ते मी माझ्या व्यवसायबंधूंना याच पत्रातून सांगते. जुन्या नोटिशीतली नावे बदलून नवी नोटीस काढू नका. गट नंबर, क्षेत्र, मोजणीची तारीख, नेमकी मागणी आणि कागदांच्या प्रती एवढे तरी जोडा, म्हणजे समोरच्या लिपिकाला फाइल शोधता येईल. आणि दोन महिने उत्तराविना गेले असतील, तर दाव्यात २००५ च्या निकालाचा आधार घेऊन खर्चाची मागणी करायला विसरू नका. ती मागणी होत नाही म्हणून न्यायाधीशांसमोर तो प्रश्नही येत नाही.

परिपत्रके, अधिसूचना, रकमेची मर्यादा यांना काही महिने लागतील, हे मी समजू शकते. अधिकारी नेमायला ते लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहेच. नवा कायदा नको, मंत्रिमंडळाची मान्यता नको, तरतूद नको. ३६ जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येकी एक कार्यालयीन आदेश काढायचा आहे, की या जिल्ह्यात कलम ८० च्या नोटिशींना मुदतीत उत्तर देण्याची जबाबदारी अमुक उपजिल्हाधिकाऱ्यांची राहील. त्यांचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक माहिती अधिकाराच्या फलकाशेजारी लावा आणि आदेशाची एक प्रत जिल्हा व तालुका वकील संघांना पाठवा. हे या महिन्यात करावे, अशी माझी विनंती आहे.

आपली,
तालुका न्यायालयात वकिली करणारी एक नागरिक